पेनाच्या जागी पातं

बारशाला पाळण्यामागे लावायचं बाळाचं नाव, पहिल्या वाढदिवसाच्या केकवर खोचायचा एकचा आकडा, मखराच्या कमानीवरची ‘मंगलमूर्ती’ची अक्षरं, हे सगळं आमची सून आता जेवणाच्या टेबलावर कापते. यंत्र घरच्या प्रिंटरएवढंच आहे. लॅपटॉपवर अक्षरं मांडायची, जाड कागद चिकट मॅटवर दाबून बसवायचा आणि बटण दाबायचं. बघायला आलेल्या बायका म्हणतात, “काय काय नवीन निघतंय, बाई!” मी पेपरातून मान वर काढत नाही. राजारामपुरीत माझं रेडियमचं दुकान होतं, त्यामुळे या यंत्राचं सगळं खानदान मला ठाऊक आहे. ते नवीन नाही, आणि कागदासाठी तर मुळीच जन्मलेलं नाही. विमानांचे आराखडे, तयार कपडे, दुकानांच्या पाट्या असा मोठा मुलूख फिरून ते कागदाकडे आलं. त्या फिरतीत एक भांडण कायम त्याच्या मागे लागलेलं आहे. यंत्र विकत घेणाऱ्याचं, हे खरं; पण त्याने कापायचं अक्षर कुणाचं?

आधी हाताचं सांगतो. आमच्या कोल्हापुरात ‘पेंटर’ ही पदवी आडनावासारखी लागते. बाबूराव मेस्त्री सिनेमात गेले आणि बाबूराव पेंटर म्हणूनच अजरामर झाले. त्यांच्या मागून आलेल्या कितीतरी साध्या पेंटरांनी या शहराच्या पाट्या, तालमींचे फलक आणि ट्रकच्या पाठी रंगवल्या. मी त्यांच्याच हाताखाली अक्षर गिरवलं. पण माझ्या हातात ब्रश स्थिर होतोय तोवर बाजारात चिकट व्हिनाइलचे रोल आले, आणि आम्ही पोरं ब्रश ठेवून कटर धरून बसलो.

त्या कटरलाही इतिहास आहे. ओसाकामध्ये योशिओ ओकादा नावाचा माणूस छापखान्यात कागद कापायचं काम करायचा. पात्याचं टोक बोथट झालं की अख्खं पातं वाया जायचं. चॉकलेटच्या वडीवर जशा मोडायच्या रेघा असतात, तशा पात्यावर पाडल्या तर बोथट तुकडा मोडून नवं टोक मिळेल, हे त्याच्या डोक्यात आलं, आणि १९५६ साली त्याने मोडत्या पात्याचा पहिला कटर बनवला. ‘ओल्फा’ हे त्याच्याच कंपनीचं नाव. आमच्या दुकानात मोडलेले तुकडे फिल्मच्या रिकाम्या डबीत टाकायचे, हा पहिला नियम होता. जमिनीवर पडलेला तुकडा कुणाच्या टाचेत जाईल, सांगता येत नसे.

हाताने कापायचं म्हणजे सगळं कसब दाबात. व्हिनाइलच्या वरच्या थराला पातं लागलं पाहिजे आणि खालच्या पाठकागदावर ओरखडाही उठता कामा नये. दाब कमी पडला तर अक्षर सुटत नाही, जास्त झाला तर पाठकागद फाटतो आणि सगळा तुकडा हातात गोळा होऊन येतो. नव्या पोराला आधी नुसती शिरोरेघ कापायला द्यायचे, मग काना, मग ‘ग’. ‘ळ’ आणि ‘क्ष’ त्याच्या वाट्याला फार उशिरा येत. कापून झालं की अक्षराबाहेरचा भाग चिमट्याने उपसायचा, वर चिकटपट्टी दाबायची आणि सगळी ओळ एकदम उचलून काचेवर चढवायची. रिक्षाच्या मागे ‘आईचा आशीर्वाद’, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर ‘जय जवान जय किसान’, बुलेटच्या टाकीवर ज्योतिबाचा घोडा. नंबरप्लेटवर आठ-शून्य-पाच-पाचला वळण देऊन ‘बॉस’ करून द्या म्हणणारे होतेच. पोलीस अडवायचे, तरी करून घ्यायचे.

आणि कागद? तो कापायला तेव्हा कुणाला यंत्र सुचतच नव्हतं. गणपतीच्या आधी घोटीव कागद चौपट दुमडून कात्रीने जाळी कापायची, जिलेटिनच्या कागदाची पताका करायची, हे घरोघरी चालायचं. मथुरा-वृंदावनाकडे मंदिरातल्या रांगोळीसाठी सांझीचे साचे कागदातून कात्रीने कापतात. त्यांची बारकाई बघितली की आपल्या जाळीची लाज वाटते.

आता यंत्राकडे येतो. १९५९ साली अमेरिकेतल्या कॅलकॉम्प कंपनीने ‘५६५’ नावाचा प्लॉटर आणला. संगणकाला चित्र काढता यावं म्हणून बनवलेल्या अगदी सुरुवातीच्या यंत्रांपैकी हे एक. एका नळकांड्यावर कागद पुढेमागे फिरायचा आणि त्यावर पेन डावी-उजवीकडे सरकायचं. एक पाऊल इंचाच्या शंभराव्या भागाचं. वक्ररेषा म्हणजे अशा चिमुकल्या पायऱ्यांची रांग. पुढे ह्यूलेट-पॅकार्डने खरखरीत चाक आणि रबरी चाक यांच्या चिमटीत कागद धरून तोच कागद पुढेमागे ओढायची सोय केली. नळकांडं गेलं आणि यंत्र हलकं झालं. सुनेच्या टेबलावरचं यंत्र उघडून बघा, मॅट ओढणारी चाकं त्याच जातीची आहेत.

ह्यूलेट-पॅकार्डने प्लॉटरसाठी आज्ञांची एक भाषाही ठरवली. तिची मुळाक्षरं अगदी थोडी: पीयू म्हणजे पेन उचल, पीडी म्हणजे पेन टेक, पीए म्हणजे अमुक बिंदूकडे जा. पाट्या कापणारे बहुतेक प्लॉटर आजही हीच भाषा समजतात. त्या बिचाऱ्यांना अजून आपल्या हातात पेनच आहे असं वाटतं, पातं आहे हे कुणी सांगितलेलंच नाही.

पेनाच्या जागी पातं बसवणाऱ्यांत सगळ्यात मोठं नाव जोसेफ गर्बर यांचं. जन्म १९२४, व्हिएन्नातलं ज्यू घर. वडील नाझींच्या छळात गेले. आई आणि हा मुलगा १९४० साली जीव वाचवून अमेरिकेत हार्टफर्डला पोहोचले. शिकताना आलेखाचं प्रमाण वारंवार बदलून मोजायचं काम कंटाळवाणं झालं, तेव्हा त्यांनी पायजम्याचं इलॅस्टिक काढलं, त्यावर सारख्या खुणा केल्या आणि हवं तेवढं ताणून मोजलं. त्यातून मापाची बदलती पट्टी निघाली आणि त्या पट्टीतून कंपनी. पायजम्याच्या नाडीवर कंपनी उभी राहिल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

गर्बर यांची कंपनी आधी विमान आणि मोटार कारखान्यांसाठी आराखडे काढणारी यंत्रं करत होती. मग त्यांनी कापडाला हात घातला. तयार कपड्यांच्या कारखान्यात कापडाचे थरावर थर रचून वर खडूची आखणी करायची आणि माणसाने विजेची उभी सुरी त्या रेघेवरून न्यायची, अशी पद्धत होती. पण मऊ थर सुरीबरोबर सरकतात, तळचा सदरा वरच्यापेक्षा वेगळा निघतो. गर्बर यांनी कापडाखाली ब्रशसारख्या दाट केसांचा बिछाना दिला, म्हणजे पात्याला खाली घुसायला जागा मिळेल. वर प्लास्टिकचा पातळ ताव अंथरला आणि खालून हवा ओढून घेतली. फुगलेला ढीग दडपून घट्ट झाला, आणि संगणकाच्या हुकमावर चालणारं पातं त्यातून सरळ गेलं. ‘गर्बरकटर एस-७०’ हे ते यंत्र, साल १९६९. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला कळीचा शोध पातं हा नव्हेच. कापायची वस्तू जागेवर धरून ठेवणं हा आहे. सुनेच्या मॅटवरचा चिकट थर तेच काम करतो, आणि मॅटचा चिकटपणा गेला की सगळ्यात महाग यंत्रही कागद चुरगाळून ठेवतं.

१९८३ साली याच कंपनीने ‘साइनमेकर थ्री’ आणलं. कळफलकावर अक्षरं टाइप करायची आणि दोन्ही काठांना भोकं पाडलेल्या व्हिनाइलमधून ती कापून बाहेर यायची. अमेरिकेतल्या कितीतरी पेंटरांचे ब्रश त्या यंत्राने खाली ठेवायला लावले. पण अक्षरांची वळणं यंत्रात खोचायच्या वेगळ्या तुकड्यांत असत आणि प्रत्येक वळण वेगळं विकत घ्यावं लागे. भांडणाची सुरुवात इथे आहे.

ते पहिल्या फेरीत सुटलं, कारण जपानी कंपन्यांनी साधा घरगुती संगणक जोडता येईल असे कटर आणले. ग्राफटेक होती, आणि रोलँड होती. रोलँड म्हटलं की आमच्या गल्लीतली पोरं ऑक्टोपॅडच आठवतात. गणेशोत्सवाचा ऑर्केस्ट्रा असो की बेंजो पार्टी, ऑक्टोपॅडशिवाय पान हलत नाही, आणि तो रोलँडचाच. त्याच घराण्यातल्या रोलँड डीजी कंपनीने १९८८ साली ‘कॅम-वन’ हा व्हिनाइल कटर काढला. ऑर्केस्ट्राच्या गाडीवर नाव कापणारं आणि गाडीच्या आत वाजणारं यंत्र एकाच घरचं, हे मी ऑक्टोपॅडवाल्या पोरांना सांगितलं तेव्हा त्यांचा विश्वास बसला नाही.

माझ्याकडे प्लॉटर आला तो १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात, कर्ज काढून. पहिल्यांदा पात्याचं टोक भिंगाखाली बघितलं आणि थक्क झालो. पातं कुठल्याही दिशेला वळवायला वेगळी मोटर नाही. ते बेअरिंगमध्ये मोकळं फिरतं, आणि त्याचं टोक फिरण्याच्या आसापासून केसभर, साधारण पाव मिलिमीटर, बाजूला असतं. यंत्र ज्या दिशेला ओढेल तिकडे टोक आपोआप मागून वळतं. कोपरा आला की त्या पाव मिलिमीटरचा हिशेब सॉफ्टवेअरने करायचा, नाहीतर चौकोनाचे कोपरे गोल निघतात.

पण मराठी पाटीची खरी अडचण पात्यात नव्हती. आम्ही श्रीलिपीत टाइप करून कोरलड्रॉमध्ये अक्षरांच्या बाह्यरेषा करायचो. पडद्यावर शिरोरेघ सलग दिसायची आणि कापली की प्रत्येक अक्षराच्या सांध्यावर चिरलेली निघायची. कारण प्रत्येक अक्षर आपापला शिरोरेघेचा तुकडा घेऊन येतं आणि शेजाऱ्यावर जरासं चढून बसतं. छपाईत शाईवर शाई चढली तर काही कळत नाही. प्लॉटर मात्र शाई बघत नाही, फक्त कडा बघतो, आणि दिसेल ती कड कापतो. म्हणून सगळा शब्द आधी वेल्ड करून एकसंध करायचा. यंत्र विकणाऱ्याला हे माहीत नव्हतं. त्याने दिलेल्या पुस्तिकेत सगळी उदाहरणं इंग्रजी अक्षरांची, आणि ती सुटी सुटीच असतात.

हीच शिरोरेघ कागदाच्या कामात आपली बाजू घेते. व्हिनाइलला पाठकागद असतो, सुटी अक्षरंही जागेवर राहतात. नुसत्या कागदातून इंग्रजीत ‘अनन्या’ कापलं तर सहा सुटे तुकडे हातात येतात. म्हणून तिकडे एकमेकांना चिकटलेल्या वळणदार इंग्रजी अक्षरांचं एवढं वेड आहे. देवनागरीत ‘अनन्या’ अख्खं एका तुकड्यात निघतं, शिरोरेघेला धरून भिंतीवर टांगा. अडतो फक्त अनुस्वार. ‘नंदिनी’चा टिंब सुटा पडतो आणि केराबरोबर जातो. सून त्याला शिरोरेघेपासून बारीक देठ काढते. मला तो देठ अजून आवडत नाही, मी टिंब वेगळा कापून डिंकाने लावतो. यावर आमच्या घरात एकमत होणार नाही.

कागदाकडे हे यंत्र वळलं ते अमेरिकेच्या युटा राज्यात. त्या राज्यात मॉर्मन पंथाची वस्ती मोठी, आणि आपल्या पूर्वजांची नोंद ठेवणं हे त्या पंथात धर्मकार्य आहे. सॉल्ट लेक सिटीतलं त्यांचं वंशावळींचं ग्रंथालय जगप्रसिद्ध आहे. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यासुद्धा त्यांच्या संस्थेने सूक्ष्मफितीवर उतरवून नेल्या. हेळव्याकडून आपल्या घराण्याची पिढीजात नावं ऐकलेल्या कोल्हापूरकराला ही हौस परकी वाटू नये. मेरीलेन ख्रिस्टेन्सन या बाईंनी १९८० साली सॉल्ट लेक सिटीच्या एका जागतिक नोंद-परिषदेत आपल्या कुटुंबाचे फोटो आणि आठवणींचे खंड मांडले. लोकांनी गर्दी केली. मग नवरा-बायकोंनी पुस्तक काढलं, स्पॅनिश फोर्क गावी दुकान उघडलं, आणि अशा फोटो-वह्यांचा, म्हणजे स्क्रॅपबुकचा, मोठा धंदा उभा राहिला. फोटोभोवती लावायला कागदी फुलं, नावं, तारखा हव्यात. त्यासाठी आधी हातदांड्याच्या दाबयंत्रात लोखंडी डाय घालून आकार पाडत. कॅलिफोर्नियाच्या एलिसन कंपनीने अशी यंत्रं शाळांसाठी आणली होती. आपल्याकडे मिठाईच्या खोक्याचं पंचिंग होतं, तोच प्रकार. पण एका आकाराला एक डाय. एकाच नातवाचं नाव कापायला डाय कोण बनवणार?

तिथे पाट्यांच्या दुकानातला कटर लहान होऊन आला. ग्राफटेकने ‘क्राफ्ट रोबो’ काढला, त्याच वंशात पुढे ‘सिल्हूट’ची यंत्रं आली. युटातल्या प्रोव्हो क्राफ्ट कंपनीने २००५-०६च्या सुमाराला ‘क्रिकट’ आणलं. सहा बाय बारा इंचांची मॅट, संगणकाची गरज नाही, कळफलकावर दाबा आणि कापा. पण आकार आणि अक्षरं कार्ट्रिजमध्ये, आणि प्रत्येक कार्ट्रिज वेगळं विकत घ्यायचं. म्हणजे गर्बर यांच्या अक्षरतुकड्यांचा खेळ वीस वर्षांनी पुन्हा, या वेळी गृहिणींच्या टेबलावर. कार्ट्रिजमध्ये जे नाही ते कापायचं नाही, आणि त्या कार्ट्रिजमधून ‘ज्ञानदा’ हे नाव कधीच निघणार नव्हतं. बाहेरच्या काही मंडळींनी स्वतःचे आकार त्या यंत्रावर कापता येतील अशी सॉफ्टवेअरं लिहिली. कंपनी कोर्टात गेली, आणि २०११च्या आसपास त्या सॉफ्टवेअरांमधून क्रिकटची सोय काढून टाकावी लागली.

२०१४ साली आलेल्या ‘एक्स्प्लोर’ या नव्या यंत्रात स्वतःचं चित्र चढवता येऊ लागलं, पण ते कंपनीच्या संगणकावर चढवायचं. मार्च २०२१मध्ये कंपनीने जाहीर केलं की वर्गणी न भरणाऱ्याला महिन्याला फक्त २० चित्रं चढवता येतील. त्यावर एवढा गदारोळ उठला की काही दिवसांतच निर्णय मागे घ्यावा लागला. बायकांनी हजारोंनी सह्या केल्या होत्या. त्या बायकांना मी मनापासून मानतो. आम्ही रेडियमवाले एवढे कधी एकत्र आलो नाही.

आमचा धंदा मात्र दुसऱ्याच कारणांनी बदलला. १ एप्रिल २०१९पासून नव्या गाड्यांना कारखान्यातूनच उच्च सुरक्षा नंबरप्लेट आली, नंतर जुन्या गाड्यांनाही सक्तीची झाली, आणि नंबरप्लेटवर जगणारी दुकानं बसली. त्याआधी २०१८च्या मार्चमध्ये राज्य सरकारने प्लास्टिक आणि थर्माकोलवर बंदी घातली. गणपतीच्या सजावटीपुरती सूट द्या म्हणून थर्माकोलवाले मुंबई उच्च न्यायालयात गेले, पण न्यायालयाने नकार दिला. त्या गणपतीत लोक पुठ्ठ्याची, कागदाची मखरं शोधत फिरले. थर्माकोलच्या कमानी करणाऱ्या कारागिरांचं नुकसान झालं हे खरं, तरी मला ती बंदी योग्यच वाटली. पंचगंगेच्या घाटावर विसर्जनानंतरचा तो पांढरा चुरा मी बघितलेला आहे. सून त्या वेळी नव्यानेच घरात आली होती. तिने माझ्या प्लॉटरवर कार्डशीट घालायचा हट्ट धरला. “मामा, व्हिनाइल कापतो तर कागद का नाही?” कागद कापला गेला, पण खालची पट्टी चिरत गेली, कारण त्या प्लॉटरला मॅट नाही. मग तिचं यंत्र आलं.

आता कुणी असं यंत्र घ्यायला निघालं की माझ्याकडे चौकशीला येतं, आणि दर वेळी पहिला प्रश्न किमतीचा असतो. त्याआधी तीन गोष्टी विचारा. स्वतः काढलेली एसव्हीजी फाइल ते यंत्र घेतं का? काही कंपन्यांच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये ती उघडतच नाही, वरची आवृत्ती विकत घ्यावी लागते. इंटरनेट बंद असताना कापता येतं का? आणि मराठी जोडाक्षरं त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये फुटतात का, हे दुकानातच ‘ज्ञानदा’ टाइप करून बघा. फुटत असतील तर इंकस्केप या सॉफ्टवेअरमध्ये मुक्ता किंवा बलू वापरा, दोन्ही फॉन्ट फुकट आहेत. अक्षरं वेल्ड करा आणि फाइल स्वतःच्या पेनड्राइव्हवर ठेवा. कंपनीच्या संगणकावर एकुलती एक प्रत ठेवू नका.